कंपनीच्या मेडिक्लेममध्ये जोडीदाराचं नाव कसं घालायचं

दर वर्षी रिन्यूअलच्या आधी विमा ब्रोकरकडून एक एक्सेल फाइल येते. नाव, जन्मतारीख, लिंग आणि चौथा रकाना 'नातं'. त्या रकान्यात काही टाइप करता येत नाही. बाण दाबला की यादी खाली उतरते: स्वतः, पती/पत्नी, मुलगा, मुलगी, वडील, आई. संपली यादी. सातारा एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात मी पंधरा वर्षं एचआर बघते, म्हणजे पंधरा वेळा ही यादी माझ्या डोळ्यांखालून गेली असेल. तिच्यात कुणाला जागा नाही याचा विचार मी कधी केला नव्हता. मग एका एप्रिलमध्ये क्वालिटीतली एक मुलगी टेबलासमोर येऊन बसली, दार लोटलंय ना हे मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, ह्यात तो कुठे बसतो?"

तो म्हणजे साताऱ्यातल्या गोडोलीत चार वर्षं तिच्यासोबत राहणारा जोडीदार. लग्न केलेलं नाही, करायचं की नाही हे ठरलेलं नाही. मी म्हणाले, "बघते." एचआरवाल्यांचं 'बघते' म्हणजे काय, ते नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण त्या वेळी मी खरंच बघितलं. ब्रोकरशी भांडले, पॉलिसीची चाळीस पानं वाचली, कुपवाड एमआयडीसीत माझंच काम करणाऱ्या मैत्रिणीला दहा फोन केले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते. सातारा-सांगलीत बसून हे करायचं तर पुण्या-मुंबईपेक्षा दोन-तीन गोष्टी वेगळ्या पडतात, त्याही येतील.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. ग्रुप मेडिक्लेम हा कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला करार असतो. त्यात 'कुटुंब' म्हणजे कोण, हे त्या करारातली एक ओळ ठरवते. लग्नाशिवायच्या जोडीदाराला घेऊ नका असं सांगणारा कायदा नाही, आणि घ्याच असं सांगणाराही नाही. म्हणजे सगळा खेळ त्या एका ओळीचा, आणि ती ओळ वर्षातून एकदाच, रिन्यूअलला, बदलते.

पहिलं काम: तुम्हाला कव्हर कोणतं आहे?

पगाराची स्लिप काढा. त्यात ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेची, कपात दिसते का बघा. महिन्याचं वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर तुम्ही बहुधा ईएसआयमध्ये आहात. तुमच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि कंपनीकडून ३.२५ टक्के जातात. तिथे मात्र हा लेख फारसा उपयोगी नाही. १९४८ च्या ईएसआय कायद्यातच कुटुंबाची व्याख्या बांधलेली होती: पती किंवा पत्नी, मुलं, अवलंबून असलेले आईवडील आणि काही अटींवर लहान भावंडं. त्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही लग्नाशिवायचा जोडीदार आलेला नाही. तुमच्या एचआरने कितीही मनावर घेतलं तरी ती व्याख्या त्याच्या हातात नाही, त्यामुळे त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. तुम्ही सरळ 'कंपनी नाही म्हणाली तर' या भागाकडे जा.

स्लिपमध्ये ईएसआय नसेल आणि हातात विम्याचं ई-कार्ड असेल तर तुमचा ग्रुप मेडिक्लेम आहे. मग पुढे वाचा.

पॉलिसीची कॉपी मागा, ई-कार्डवर भागवू नका

ई-कार्डवर नाव, नंबर आणि टीपीएचा फोन असतो, अटी नसतात. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी. एचआरकडे पॉलिसी शेड्यूल आणि त्याला जोडलेल्या अटींचा कागद मागा. काही ठिकाणी "ते गोपनीय असतं" असं उत्तर मिळतं. गोपनीय काही नसतं, बहुतेक वेळा त्यांनाच ती मेल सापडत नसते. चार दिवसांनी परत विचारा.

त्यात तीन गोष्टी शोधा. कुटुंबाची व्याख्या, मध्येच नाव घालण्याची अट आणि रिन्यूअलची तारीख.

व्याख्या साधारण दोन प्रकारची असते: 'कर्मचारी, पती/पत्नी आणि दोन मुलं', किंवा त्यात आईवडील धरून. लोक बोलताना 'वन प्लस थ्री', 'वन प्लस फाइव्ह' म्हणतात. काही कंपन्यांच्या व्याख्येत 'पती/पत्नी अथवा जोडीदार' असे शब्द आधीपासूनच असतात आणि कुणी वाचलेले नसतात. कुपवाडच्या मैत्रिणीकडे नेमकं तसंच निघालं. तिच्या कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत, तिथल्या एचआरने दोन वर्षांपूर्वी शब्द घालून घेतले होते. सांगलीच्या प्लांटला त्याचा पत्ता नव्हता, कारण प्लांटला पाठवलेली एक्सेल जुनीच होती. मोठ्या कंपनीच्या शाखेत असाल तर हे पहिल्यांदा तपासा. टाटा स्टीलने २०१९ मध्ये एलजीबीटीक्यू कर्मचाऱ्यांना जोडीदाराची नोंद करून कंपनीच्या सुविधा घ्यायची मुभा दिली. ॲक्सिस बँकेने २०२१ मध्ये लिंग वा वैवाहिक स्थिती न बघता जोडीदाराला मेडिक्लेममध्ये घेता येईल असं जाहीर केलं. धोरण मुंबईत ठरतं, पण साताऱ्याच्या शाखेतला माणूसही त्याच पगारपत्रकावर असतो.

परदेशी कंपनीसाठी घरून काम करणारेही आता वाई-कराडात भेटतात. त्यांच्या हँडबुकात 'डोमेस्टिक पार्टनर' हा शब्द ठळक असतो. ही कल्पना मूळची अमेरिकेतली, १९८० च्या दशकापासून तिथल्या मालकांनी आणि नगरपालिकांनी रुळवलेली. पण ते हँडबुक तिकडचं. तुमचा विमा इथल्या विमा कंपनीच्या पॉलिसीवर चालतो, तेव्हा तीच वाचायची.

तारीख चुकली की वर्ष गेलं

आमच्या त्या मुलीने एप्रिलच्या शेवटी विचारलं आणि आमचं रिन्यूअल १ एप्रिलला झालेलं. वर्षाच्या मध्ये नाव घालायला एंडॉर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत लेखी बदल, लागते, आणि विमा कंपन्या ती ठरावीक कारणांसाठीच करतात: नवा कर्मचारी, नवं लग्न, नवं बाळ. तेही साधारण तीस दिवसांच्या आत कळवलं तर. 'चार वर्षं सोबत राहतोय' ही नवी घटना नव्हे. ब्रोकरने हेच तोंडावर सांगितलं, आणि त्याचं चुकलं नव्हतं.

म्हणून रिन्यूअलच्या तीन महिने आधी अर्ज द्या. साठ दिवस आधी ब्रोकर कोटेशन मागवायला लागतो. त्या कोटेशनच्या कागदात तुमची ओळ गेली तर पैशात फारसा फरक पडत नाही. कोटेशन आल्यावर गेली तर ब्रोकर कंटाळतो, विमा कंपनीत जोखीम बघून हप्ता ठरवणारा अंडररायटर फेरविचाराला वेळ लावतो आणि अकाउंट्सवाला म्हणतो, "पुढच्या वर्षी बघू."

कुणाला आणि कसं विचारायचं

छोट्या गावातली एक अडचण आधी बोलते. इथे 'पार्टनर' म्हटलं की लोकांना धंद्यातला भागीदार आठवतो. आणि 'लिव्ह-इन' म्हटलं की बातमी संध्याकाळपर्यंत साताऱ्याच्या पोवई नाक्यावर पोचते. त्यामुळे तोंडी विचारू नका, कॅन्टीनमध्ये तर नकोच. एचआरच्या एकाच जबाबदार माणसाला मेल करा आणि त्यातच लिहा की ही माहिती विम्याच्या कामापुरतीच वापरावी. हे सांगायचं कारण आमच्याच ऑफिसात घडलंय. एका वर्षी ई-कार्डांची अख्खी यादी कुणीतरी डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली; कुणाच्या बायकोचं वय किती, कुणी सासू-सासरे घातलेत, सगळं उघड्यावर. तेव्हापासून आमच्याकडे ई-कार्ड ज्याचं त्यालाच जातं.

मेल लांबलचक नको. मी त्या मुलीला पुढच्या वर्षी जो मसुदा दिला तो असा होता:

"महोदया, येत्या रिन्यूअलमध्ये ग्रुप मेडिक्लेमच्या कुटुंबाच्या व्याख्येत पती/पत्नीच्या जागी 'पती/पत्नी अथवा घोषित जोडीदार' असा शब्दप्रयोग करून घ्यावा ही विनंती. अविवाहित कर्मचाऱ्याला एकच जोडीदार, वर्षातून एकदाच, दोघांच्या सहीच्या प्रतिज्ञापत्रावर नोंदवता येईल अशी अट चालेल. पती/पत्नीसाठी असलेली जागाच वापरली जाणार असल्याने सदस्यांची कमाल संख्या वाढत नाही. माझी वैयक्तिक माहिती गोपनीय ठेवावी."

यात स्वतःची कहाणी कुठेच नाही, हे मुद्दाम. तुम्ही मागणी व्याख्येची करताय, स्वतःपुरत्या सवलतीची नाही. एकट्यासाठीचा अपवाद कंपनी देत नाही, पण धोरण म्हणून चार ओळी बदलायला तयार होते.

मालक किंवा फायनान्सवाले ठरलेला प्रश्न विचारतात: "उद्या प्रत्येक जण मैत्रिणीला आणेल, मग?" विमा कंपनीची भीतीही तीच, फक्त वेगळ्या शब्दांत: आजारी माणसाला तेवढ्यापुरतं आणून बसवतील. उत्तर वरच्या मसुद्यात आहे. जोडीदार एकच. एकदा नोंदवला की पॉलिसी वर्षात बदल नाही. त्याला एक अट जोडायची: नातं संपलं तर नवा जोडीदार नोंदवायला बारा महिने थांबायचं. आणि एक व्यवहाराचं उत्तर, जे आमच्या डायरेक्टरांना पटलं: ह्याच मुलीने लग्न केलं असतं तर त्याचा हप्ता आपण भरलाच असता ना?

समलिंगी जोडपं असेल तर कायद्याचा प्रश्न येतोच. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, पण अशा जोडप्यांच्या अडचणी बघायला केंद्राने समिती नेमावी असंही नोंदवलं. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की एलजीबीटीक्यू व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. रेशनकार्डासाठी अशा जोडप्याला एकच कुटुंब धरावं अशी सूचनाही राज्यांना गेली. आणि २०२२ च्या दीपिका सिंह खटल्यात न्यायालय म्हणालं होतं की लग्नाशिवायची किंवा समलिंगी नातीही कुटुंबाचं रूप घेऊ शकतात. यातलं काहीच तुमच्या कंपनीवर बंधनकारक नाही. पण "आपल्याकडे हे चालत नाही" म्हणणाऱ्या वरिष्ठासमोर ठेवायला कागद आहे. स्त्री-पुरुष जोडप्याच्या बाबतीत तर न्यायालयाने २०१० मध्येच, खुशबू खटल्यात, दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही असं म्हटलंय.

कागद

महाराष्ट्रात लिव्ह-इनची नोंदणी करणारं कार्यालय नाही, तेव्हा 'सर्टिफिकेट' कुठून आणायचं असं विचारू नका. दोन गोष्टींवर काम होतं: प्रतिज्ञापत्र आणि एका पत्त्याचे पुरावे.

प्रतिज्ञापत्र स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर, दोघांच्या सहीने. ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्यात एवढं हवं: दोघं सज्ञान आहोत, दोघांपैकी कुणाचंही दुसऱ्या कुणाशी लग्न झालेलं नाही, किंवा झालं होतं ते घटस्फोटाने वा मृत्यूने संपलंय, आपसात जवळचं रक्ताचं नातं नाही, अमुक तारखेपासून अमुक पत्त्यावर एकत्र राहतो आणि घरखर्च वाटून घेतो, नातं संपलं तर तीस दिवसांत कंपनीला कळवू, खोटी माहिती दिल्यास क्लेम नाकारला जाऊ शकतो याची जाणीव आहे.

सही करण्यापूर्वी एक गोष्ट डोक्यात ठेवा. हा कागद विम्यापुरता राहत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'विवाहसदृश नातं' येतं, आणि एकत्र राहत असल्याची शपथेवरची कबुली उद्या तिथे पुरावा ठरू शकते. बाईसाठी ते संरक्षण आहे, पुरुषासाठी जबाबदारी. माझ्या मते ते योग्यच आहे. पण "फक्त मेडिक्लेमचा फॉर्म आहे" म्हणून कुणी न वाचता सही करू नये.

पत्त्याच्या पुराव्यात सगळ्यात वजनदार कागद म्हणजे दोघांच्या नावाचा लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे घरभाड्याचा, करार. महाराष्ट्रात तो अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, त्यामुळे त्यावर सरकारी नोंद असते. अडचण घरमालकाची. साताऱ्याच्या शाहूपुरीत काय किंवा सांगलीच्या विश्रामबागेत काय, "लग्न झालंय ना?" हा प्रश्न भाड्याच्या आकड्याआधी येतो, आणि बरीच जोडपी एकाच्याच नावावर करार करतात. तसं असेल तर दोघांच्या आधारवर तोच पत्ता आणि संयुक्त बँक खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडा. संयुक्त खातं आजच उघडून ठेवा. रिन्यूअलपर्यंत सहा महिने व्हायला हवेत.

आता तीन मंडळी, ज्यांचा प्रश्न वेगळा आहे पण तीही माझ्याकडे याच रांगेत येतात.

देवळात माळ घातलेली आणि नोंदणी न केलेली जोडपी. तुम्ही जोडीदाराच्या रांगेत उभे राहू नका. विधी झाले असतील तर लग्नाची नोंदणी करा. गावात ती ग्रामसेवकाकडे होते. दाखल्याची झेरॉक्स एचआरला द्या, 'पती/पत्नी' हा रकाना तुमचाच आहे.

घरच्यांच्या विरोधामुळे थांबलेली, म्हणजे बहुतेक वेळा आंतरजातीय. विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस रिन्यूअलच्या तारखेशी जुळवा. लग्न झालं की एंडॉर्समेंटने मध्येच नाव घालता येतं.

आणि पहिलं लग्न मोडलेली, पण घटस्फोटाचा निकाल न लागलेली. तिथे मी हात जोडते. कायद्याने पती किंवा पत्नी आहे तोवर दुसऱ्या जोडीदाराचं प्रतिज्ञापत्र खोटं होतं. कुठलीही शहाणी विमा कंपनी ते घेणार नाही, आणि घेतलं तरी क्लेमच्या वेळी उलटेल.

पैसे

कंपनी नाव घालायला 'हो' म्हणते, पण हप्ता तुमच्या पगारातून कापू म्हणते, असं बऱ्याचदा होतं. ते मान्य करा. उदाहरण म्हणून आकडा घेऊ: जोडीदाराचा वर्षाचा हप्ता ६,००० रुपये धरला तर त्यावर १८ टक्के जीएसटी १,०८० रुपये, एकूण ७,०८०, म्हणजे महिन्याला ५९० रुपये. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, पण ग्रुप पॉलिसीवर तो तसाच आहे. तरीही ग्रुप परवडतो, कारण त्यात बहुतेक वेळा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. बाहेर त्यासाठी वर्षं मोजावी लागतात.

करात थोडी मेख आहे. आयकर कायद्यातलं कुटुंब म्हणजे पती-पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील व भावंडं. कंपनी तुमच्या कुटुंबाचा हप्ता भरते तेव्हा ती तुमच्यासाठी करपात्र सुविधा धरली जात नाही, पण जोडीदार त्या व्याख्येत नसल्याने त्याच्या वाट्याला ती सूट लावणं अवघड आहे. तुम्ही स्वतः भरलेल्या त्याच्या हप्त्यावर आरोग्य विम्याची (लोकांच्या तोंडी '८०डी'ची) वजावटही मागू नका. पेरोलवाल्याला आधीच विचारा, मार्चच्या स्लिपमध्ये बघून दचकायला नको.

'पत्नी' लिहून टाकू नका

हा सल्ला मला सगळ्यात जास्त वेळा मिळालाय, तोही अनुभवी माणसांकडून. "मॅडम, कशाला एवढं? स्पाउस टाका, कोण बघतंय?" खरंच कुणी बघत नाही. एनरोलमेंटच्या वेळी लग्नाचा दाखला सहसा मागत नाहीत. बघतात ते क्लेमच्या वेळी, आणि तेही मोठ्या क्लेमला. चार हजारांच्या बिलाला कुणी विचारत नाही, चार लाखांच्या बिलाला तपासनीस घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो. खोटी माहिती सापडली की क्लेम जातो आणि कंपनीत तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. म्हणजे ज्या दिवसासाठी विमा घेतला, नेमका त्याच दिवशी तो नाही.

नाव घातल्यावर काय तपासायचं

आमच्याकडे दुसऱ्या वर्षी व्याख्या बदलली. मुलीने कंदी पेढे आणले, मीही खूश. आठ महिन्यांनी त्याला मूतखड्याचा त्रास झाला. तो मूळचा सांगलीकडचा, म्हणून मिरजेला नेलं. मिरजेत दवाखाने काय कमी! शंभर वर्षांपासून कर्नाटकातूनही पेशंट येतात तिथे. कॅशलेसच्या काउंटरवर पोराने कार्ड घेतलं, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही मिसेस ना? मग आधारवर नाव वेगळं कसं?" कारण पॉलिसीत जरी 'जोडीदार' शब्द आला होता, तरी टीपीएच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्यायच नव्हता. त्यांनी गुपचूप 'स्पाउस' टाकलं होतं. आता लग्नाचा दाखला आणा, असं सुरू झालं. तिचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. पोळी तव्यावर करपली. ब्रोकरला झोपेतून उठवलं, त्याने एंडॉर्समेंटचं पत्र काउंटरला मेल केलं आणि मंजुरी आली. पत्र हाताशी नसतं तर रात्रभर अडकले असते.

तेव्हा नाव घातल्यावर हे करा. ई-कार्डवर नातं काय छापलंय ते बघा. 'पती/पत्नी' छापलं असेल तर टीपीएला मेल करून दुरुस्ती मागा. सॉफ्टवेअरमध्ये जागा नसेल तर विमा कंपनीकडून लेखी घ्या की पॉलिसीच्या व्याख्येनुसार हा सदस्य जोडीदार म्हणून पात्र आहे, लग्नाचा दाखला लागणार नाही. ते पत्र आणि व्याख्येचं पान, दोन्ही दोघांच्या मोबाइलमध्ये पीडीएफ करून ठेवा. नाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळवा.

बाळंतपण आणि मुलं वेगळी विचारा. 'जोडीदार' घेतला म्हणजे मॅटर्निटी आपोआप आली असं नसतं. काही पॉलिसी ती फक्त कर्मचारी किंवा पत्नीपुरती ठेवतात. जोडीदाराचं आधीच्या लग्नातलं मूल 'कर्मचाऱ्याचं मूल' या शब्दात बसत नाही, त्याचं नाव वेगळं लिहून घ्यावं लागतं.

दवाखान्यातला दुसरा प्रश्न सहीचा. पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर उपचाराला त्याची स्वतःची संमती लागते, ती नातेवाइकाने द्यायची नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलंय. तरी काउंटरवर "रक्ताचं कुणी आहे का?" विचारतातच. प्लॅन केलेलं ऑपरेशन असेल तर ॲडमिट होतानाच पेशंटने एका कागदावर लिहून द्यावं: माझ्या उपचाराची माहिती अमुक व्यक्तीला द्यावी, निर्णयात तिला सोबत घ्यावं. मानसिक आजारासाठी तर २०१७ च्या कायद्याने साध्या कागदावर, सहीनिशी, कुठल्याही सज्ञान माणसाला नामनिर्देशित प्रतिनिधी करता येतं. तो माणूस लग्नाचा जोडीदार असावा लागत नाही.

आणि वेळेचा हिशोब ठेवा. आयआरडीएआय, म्हणजे विमा क्षेत्राची नियामक संस्था, हिच्या २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असते. काउंटरवर हे शांतपणे म्हटलं तरी फोन जरा पटकन लागतात.

कंपनी नाही म्हणाली तर

नकार लेखी मागा. रागाने नको, पुढच्या वर्षी त्याच मेलखाली उत्तर द्यायला.

मग जोडीदारासाठी वेगळी वैयक्तिक पॉलिसी घ्या. काही विमा कंपन्या लिव्ह-इन जोडीदाराला फ्लोटरमध्ये, म्हणजे दोघांच्या एकाच सामाईक पॉलिसीत, घेतात, पण माझं मत विचाराल तर दोघांच्या दोन वेगळ्या पॉलिसी बऱ्या. नातं राहो न राहो, ज्याची त्याच्याकडे. पहिले तीस दिवस अपघाताशिवाय काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. म्हणून पस्तिशीत घ्या, पंचेचाळिशीत डायबेटिस निघाल्यावर नको. फॉर्मवर बीपीची गोळीसुद्धा लिहा.

ईएसआयवाल्यांनी आणि ज्यांना हप्ता जड जातो त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघावी. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि ते रेशनकार्डावर चालतं. जोडीदाराचं नाव त्याच्या आईवडिलांच्या कार्डावर असेल तर ते घाईने कमी करून घेऊ नका. तिथून त्याला योजना मिळतेच आहे.

तक्रार कुठे करायची यात लोक घोळ घालतात. कंपनीने जोडीदाराला घ्यायला नकार दिला तर विमा लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही. तो कंपनीचा निर्णय आहे. पण नाव घातलेलं असताना विमा कंपनीने क्लेम नाकारला, तर जा. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, त्यांना एक महिना द्या. उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर एका वर्षाच्या आत लोकपाल. सातारा आणि सांगली दोन्ही पुणे कार्यालयात येतात. फी नाही, वकील चालत नाही, ग्रुप पॉलिसीच्या तक्रारीही घेतात, ५० लाखांपर्यंत. आयआरडीएआयचा १५५२५५ हा नंबरही आहे, पण मी लेखी तक्रारीवरच विश्वास ठेवते.

नोकरी सुटली, किंवा नातं

नोकरी सोडली की त्या दिवशी दोघांचंही कव्हर संपतं. राजीनाम्याच्या नोटीस काळातच त्याच विमा कंपनीला 'मायग्रेशन'बद्दल, म्हणजे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याबद्दल, विचारा. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वैयक्तिक पॉलिसीच्या वेटिंगमधून वजा होऊ शकतात. जोडीदाराचा स्वतंत्र अर्ज करा, तुमच्या अर्जाला चिकटवू नका.

नातं संपलं तर प्रतिज्ञापत्रात लिहिल्याप्रमाणे तीस दिवसांत कळवायचं. आमच्याकडे त्यासाठी अर्ध्या पानाचा फॉर्म आहे, त्यावर फक्त कर्मचाऱ्याची सही लागते. मी तो वाढवून घेतला: ज्याचं नाव निघणार आहे त्यालाही पंधरा दिवस आधी मेल जायला हवी, म्हणजे त्याला दुसरी पॉलिसी बघता येते. डायरेक्टर म्हणाले, "हे कशाला?" मी म्हणाले, नाव घालताना दोघांची सही घेतली होती.